अर्धं गाऱ्हाणं

आमच्या तालुक्यात दरवर्षी शाळांचा वाचन-लेखन महोत्सव होतो आणि त्यात मुलं सोडून बाकी सगळे लिहितात. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे हे मला आतून ठाऊक आहे. परिपत्रक आलं की शिक्षक लिहायला बसतात. कुणी नेटवरून उतरवून घेतं, कुणाचा नवरा चार ओळी जुळवून देतो, आणि मुलं ते पाठ करतात. 'उत्स्फूर्त लेखन' नावाची एक स्पर्धा असते, तिचे विषय आदल्या संध्याकाळी शिक्षकांच्या फोनवर फिरत असतात. परीक्षकांना हे माहीत असतं, कारण तेही शिक्षकच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

मी मूळची पेडण्याची. लग्न होऊन डिचोलीत आले आणि खाणपट्ट्यातल्या एका हायस्कुलात लागले. हायस्कूल इंग्रजी माध्यमाचं. मराठीला मिळतो तो जेवणानंतरचा तास, ज्यात अर्धी मुलं पेंगतात आणि उरलेली जनेलातून बाहेर बघतात. शाळेला मराठी टीचरची आठवण दोनदाच होते, पाहुण्यांसाठी स्वागतगीत बसवायचं असतं तेव्हा आणि महोत्सवाच्या वेळी. हेडमास्तर मातृभाषेवर फार सुंदर भाषण करतात. त्यांची स्वतःची मुलं घरात कुत्र्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतात.

महोत्सवाची तयारी म्हणजे मुख्यतः हातांची तयारी. 'आकाश' म्हटलं की उजवा हात वर, 'हृदय' म्हटलं की छातीवर, 'आई' म्हटलं की दोन्ही हात पुढे. मी पहिली काही वर्षं हेच केलं, सगळे करत होते म्हणून. मग एका वर्षी मला त्याची शिसारी आली. आमची एक मुलगी आजारी आईवरचा उतारा वाचताना इतक्या सफाईने रडली की परीक्षकांनी डोळे पुसले, आणि खाली उतरल्यावर तिने मला विचारलं, "टीचर, रडप बरें जालें मगो?" मी हो म्हटलं. घरी जाऊन मात्र जेवले नाही.

पुढच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला सांगितलं, "स्वरचित वाचनासाठी ज्याचं त्याने लिहायचं. घरातलं, वाड्यावरचं, काहीही चालेल. नेटवरचं दिसलं तर फाडून टाकीन." दुसऱ्या दिवशी 'पाणी हेच जीवन' चार जणांनी आणलं, चौघांचाही पहिला परिच्छेद एकच. ज्याने आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती त्याने माझा पहिला रेल्वेप्रवास आणला. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने आणलं गाऱ्हाणं.

ही मुलगी वर्गात असून नसल्यासारखी. तिचा आजोबा सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आला आणि इथेच राहिला. बाप खाणीचा माल वाहायचा, स्वतःचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या तसा तो ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. टायर बसले, काचेवर धूळ चढली. आईने कुंपणाला लावलेली तेंडलीची वेल हळूहळू टपावर गेली आणि ती बाई स्टुलावर चढून ट्रकावरची तेंडली काढू लागली. बाप हरमलला गेला, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रूमवाल्याकडे. पाहुण्यांच्या चादरी बदलायच्या, भाड्याच्या स्कूटर पुसायच्या. सीझनमध्ये त्याला घरी यायला मिळत नसे.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे तक्रार नव्हे. कुठलंही काम सुरू करताना देवापुढे, नाहीतर जागेच्या राखणदारापुढे उभं राहून एका जाणत्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावच्या देवळात हा मान महाजनांचा, म्हणजे देवळाच्या मूळ घराण्यांचा. बाहेरून आलेल्यांना तिथे मागेच उभं राहावं लागतं, कितीही पिढ्या होवोत. पण त्यांच्या वाड्यावर एक विहीर आहे, आमच्याकडे तिला बांय म्हणतात, तिच्या काठावर राखणदाराचा पाषाण आहे, आणि तिथलं गाऱ्हाणं हिचा आजोबा घालतो. ते ऐकून ऐकून हिच्या कानात बसलेलं. तिने लिहिलं होतं ते असं:

"हे बांयवेल्या राखणदारा म्हाराजा, तुज्या लेकरान आज हात जोडून तुका गाराणें घातलां. व्हय म्हाराजा. माज्या बापायचो ट्रक दारांत उबो आसा, तेच्यार तेंडलीची वेल चडल्या. व्हय म्हाराजा. तो ट्रक फुडें चलूंदी, बापूय हरमलसून घरा येवंदी. व्हय म्हाराजा. पूण म्हाराजा, ट्रक चल्लो म्हूण तुजी बांय आटूंक फावना. खाण चलता तेन्ना तुजें उदक खंय वता तें तुका खबर आसा. व्हय म्हाराजा. दोनूय कशीं सांबाळटलो तें तुजें तूं पळय. आमकां कळना, म्हूण तुका सांगलां. व्हय म्हाराजा."

मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. बाहेरच्या माणसाला त्यातला पेच कळायचा नाही म्हणून सांगते. खाण चालायची तर खंदकातलं पाणी पंप लावून उपसावं लागतं, आणि खंदक उपसला की भोवतालच्या विहिरी खाली जातात. खाणी चालू होत्या तेव्हा त्या वाड्यावर पैसा होता आणि विहिरीत चिखल होता. खाणी बंद पडल्या, खंदक भरले, विहीर वर आली आणि बाप हरमलला गेला. मोठमोठ्या सभांतून आमच्याकडे यावर गळे काढले जातात, एक बाजू रोजगार म्हणते, दुसरी पाणी म्हणते, आणि दोघंही अर्धंच बोलतात. या पोरीने दोन्ही गोष्टी एका पानावर आणल्या होत्या आणि उपाय ठाऊक नसल्याचं सरळ कबूल केलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

"हें म्हणूंक चलता गो तुका?" मी तिला विचारलं. मुलींनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही.

"आज्याक विचारलें टीचर. तो म्हणूंक लागलो, घाल. पूण पुरें घाल."

आजोबाने तिला उभं कसं राहायचं तेही शिकवलं. हात जोडलेले, हलवायचे नाहीत. घाई करायची नाही, 'व्हय' आल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारायचं नाही. माझ्या सगळ्या हातवाऱ्यांचा निकाल लागला. आम्ही रोज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत सराव करू लागलो. वर्गातल्या चार पोरी साथीला घेतल्या, पण 'व्हय म्हाराजा' म्हणायला हळूहळू सगळेच थांबू लागले. झाडू हातात घेऊन आमची शिपाईबाईसुद्धा दारातून साथ देई. जी मुलगी हजेरीला नीट 'प्रेझेंट' म्हणत नसे तिचा आवाज तीन वर्गांपलीकडे ऐकू जायला लागला.

तिच्यासाठी त्यात स्पर्धा नव्हतीच. तिला एवढंच हवं होतं की बापाने येऊन ऐकावं. त्याने मालकाच्या हातापाया पडून त्या दिवसाची सुटी मिळवली होती, तीही ऐन सीझनमध्ये. "पप्पा येतलो," हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी तिला चिडवायला लागले, "खरोच येतलो गे? की फोटो धाडटलो?" त्यावर ती हसायची. हसताना तिची खळी पडते हे मला तेव्हा कळलं.

मग माशी शिंकली. संहिता आधी समितीकडे पाठवायची असा नियम त्या वर्षी निघाला. त्याच वर्षी महोत्सवाला प्रायोजक मिळाला होता, खाणी पुन्हा सुरू व्हायच्या म्हणून ज्यांची धावपळ चालली होती त्यांपैकीच एक. सभागृहाचं भाडं त्यांचं, पिशव्या त्यांच्या, नाश्ता त्यांचा. संहिता परत आली ती 'पूण म्हाराजा'पासूनच्या दुसऱ्या भागावर तिरकी रेघ मारून. शेरा होता: 'वेळमर्यादा लक्षात घ्यावी. आशय सकारात्मक ठेवावा.'

मी तो कागद घेऊन तरातरा हेडमास्तरांकडे गेले.

"सर, सगळं म्हणायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कसली वेळमर्यादा?"

"टीचर, तुम्ही उगाच फाटे फोडताय. पहिला भाग चांगलाच आहे की. बापाचा ट्रक, घरची आठवण. लोकांच्या काळजाला भिडेल."

"आणि दुसरा?"

"दुसरा कशाला? ज्यांच्या मांडवात बसायचं त्यांच्याच डोळ्यात बोट?"

"मग आम्ही भाग घेत नाही."

"ते तुम्ही मुलीला सांगा," ते शांतपणे म्हणाले. "तिचा बाप येणार आहे ना?"

हा माणूस आठवीच्या मुलांची नावं विसरतो, पण कुणाची दुखरी नस कुठे आहे ते त्याच्या बरोबर लक्षात राहतं.

त्यांनी तिला ऑफिसात बोलावून घेतलं. ती दाराशी उभी राहिली. हेडमास्तरांनी गोड आवाजात सांगितलं, बाळा, फक्त एवढाच भाग म्हणायचा, बाकी सगळं छान आहे. तिने कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"सर, अर्दें सांगिल्लें चलता?"

"अगो न चलूंक कितें जालें? तें स्टेज, देऊळ न्हय. नाटकांत मेल्लो मनीस खरोच मरता व्हय?" आणि ते स्वतःच्या विनोदावर हसले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुला नको असेल तर आपण जाणार नाही. मी तुझ्या बाजूने आहे." ती मान खाली घालून म्हणाली, "पप्पान सुटी घेतल्या, टीचर." तिथे विषय संपला. मला त्या क्षणी हेडमास्तरांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. फोडली नाही, पगार लागतो.

महोत्सव डिचोलीत एका सभागृहात झाला. प्रवेशद्वारावर फलक होता, त्यात प्रायोजकाचं नाव वीतभर आणि 'वाचन-लेखन' बोटभर. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला तोवर मुलांना स्वागतासाठी उन्हात दोन रांगांत उभं केलं होतं. पाहुणे आले, गाडीतून उतरले, फोनवर बोलत आत गेले, मुलांनी कोणावर फुलं टाकायची ते कळेना म्हणून ड्रायव्हरवर टाकली. मग भाषणं. 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं की वाचण्याची इच्छाच गेली. भाषणं ऐकता ऐकता पाहुणे समोरच्या रांगेत मोबाईलवर क्रिकेट बघत होते.

तिचा बाप आला होता. इस्त्रीचा शर्ट, पाय रबरी चपलांत. मधल्या रांगेत कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, अगदी कडेवर बसला होता, कोणी उठवलं तर चटकन उठता यावं असा. आई शेजारी. आजोबा मात्र सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

तिचं नाव पुकारलं. ती गेली, माईक खाली ओढून घेतला आणि हात जोडले. मी पाहिलं, मागे आजोबा उठून उभा राहिला. त्याने टॉवेल सोडून खांद्यावर घेतला आणि हात जोडले. गाऱ्हाणं चालू असताना बसायचं नसतं.

"हे बांयवेल्या राखणदारा म्हाराजा..."

पहिल्या 'व्हय म्हाराजा'ला आमच्या चार पोरीच बोलल्या. दुसऱ्याला सगळं सभागृह बोललं. ते असंच होतं, आमच्या लोकांच्या जिभेला ते जन्मापासून लागलेलं आहे. परीक्षक बोलले, पाहुणेसुद्धा क्रिकेटचा मोबाईल खाली ठेवून बोलले. "ट्रक फुडें चलूंदी" म्हटल्यावर तर असा 'व्हय म्हाराजा' झाला की छताचे पंखे हलल्यासारखे वाटले. त्या सभागृहात बसलेल्या किती जणांच्या दारात एकेक ट्रक उभा होता ते त्या आवाजावरून कळत होतं. तिचा बाप तोंडावर हात घेऊन रडत होता आणि मीही रडत होते, उगाच खोटं कशाला बोलू.

आणि ती थांबली. नमस्कार केला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

आजोबा तसाच उभा होता. हात जोडलेले, मान जराशी वाकलेली. टाळ्या संपल्या, ती खाली उतरली, पुढच्या शाळेचा मुलगा हात वर करत स्टेजवर चढला, तरी तो उभाच. 'पूण म्हाराजा'ची वाट बघत होता. शेवटी बिल्ला लावलेली एक स्वयंसेवक मुलगी त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "आजोबा, बसा. सोंपलें तें."

"सोंपला?" तो म्हणाला. "असां कसां सोंपात?"

तिला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुणे भाषणात म्हणाले, या चिमुरडीने आपल्या सगळ्यांच्या मनातलं मागणं देवाच्या कानावर घातलं आहे. हेडमास्तरांनी माझ्याकडे वळून बघितलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? नंतर नाश्त्याला पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, होते. बाप मला शोधत आला, दोन्ही हातांनी नमस्कार करून म्हणाला, "टीचर, तुमी माज्या चलयेक उलोवंक शिकयलें." पोरीला बोलायला शिकवलं म्हणणाऱ्याला मी काय सांगणार होते? तो आनंदात होता आणि त्याला संध्याकाळी हरमल गाठायचं होतं.

आजोबाने मात्र उंडा हातात घेतला नाही. मला एवढंच म्हणाला, "बाये, अर्ध्यार सोडूचा नसता गो." आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर जाऊन चुकलं-माकलं पदरात घे म्हणून राखणदाराची समजूत घालून आला म्हणे. मुलगीच सांगत होती. तिने विचारलं होतं, राखणदार ऐकेल काय? तर तो म्हणाला, "देवाक काळजी." आमच्याकडे हे शब्द माणूस तेव्हाच काढतो जेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

मग पाऊस येऊन गेला आणि आमच्या बाजूची खाण खरंच सुरू झाली. गाऱ्हाण्यामुळे सुरू झाली असं मी म्हणत नाही, माझं शिक्षण झालेलं आहे. वरती काय काय ठरलं असेल ते ठरवणाऱ्यांना ठाऊक. पण वाड्यावर सगळे तसंच म्हणत होते. बाप हरमल सोडून घरी आला. तेंडलीची वेल कोयत्याने तोडून काढली, कर्ज काढून टायर घातले, नारळ फोडला, आणि एके दिवशी तो ट्रक शाळेवरून गेला तेव्हा त्याने मुद्दाम लांब हॉर्न वाजवला. सगळा वर्ग खिडकीशी धावला. मुलगी बाकावरच बसून राहिली, पण खळी पडली होती. मीही हसले. मला वाईट वाटलं असतं तर मीच वाईट ठरले असते.

त्यानंतर खंदकावर पंप बसले. रात्रंदिवस त्यांची घरघर. शाळेच्या जनेलांच्या काचा तांबड्या झाल्या, वाळत घातलेले कपडे तांबडे झाले, आणि कार्तिक संपता संपता वाड्यावरच्या विहिरीत कळशी तळाला लागायला लागली. नाताळ आला तेव्हा तिच्यात नुसता चिखल होता. आता टँकर येतो. त्याची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे ती मुलगी दहावीचं वर्ष असूनही अधूनमधून तासच बुडवते, कारण आई काजूच्या फॅक्टरीत असते आणि बाप ट्रकावर.

यंदाचं परिपत्रक आलं. प्रायोजक तेच. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "त्या गाऱ्हाणेवालीला परत घ्या. लोकांना आवडलं होतं. काहीतरी नवीन बसवा." मी परिपत्रक घेऊन बाहेर आले. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. मी ठरवलं, या वेळी संहिता एक पाठवायची आणि म्हणायचं दुसरंच. गेल्या वर्षी रेघ मारलेलं सगळं, त्याच व्यासपीठावर, त्याच लोकांसमोर. करा म्हणावं काय करायचं ते. नोकरीवरून काढत नाहीत एवढ्यासाठी, आणि काढलं तर बघू.

तास संपल्यावर तिला थांबवलं. वर्ग रिकामा झाल्यावर तिला सगळं सांगितलं. माझाच आवाज उत्साहाने चढलेला.

"उरलेलं अर्धं घालूया ग या वर्षी. पुरं."

ती दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत उभी होती. तिने जनेलाकडे पाहिलं. खालच्या रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती, त्यात कुठेतरी तिचा बापही असणार.

"आतां घालून कितें करूं, टीचर? सगळ्यांनी तेन्ना व्हय म्हणलां," ती म्हणाली. "आमी अर्दें मागलें. अर्दें मेळ्ळें."

 तिने दप्तर खांद्याला लावलं, टँकर केव्हाही येईल म्हणून विचारून निघाली, आणि जाताना सवयीने वर्गाचा पंखा बंद करून गेली.